फुकट आणि सार्वजनिक : संगणकाच्या कार्यशाळेतील एका शिष्टाचाराविषयी

'फुकट' आणि 'सार्वजनिक' या दोन शब्दांची गल्लत आपल्याकडे जुनी आहे. जे पैसे न मोजता मिळते ते फुकट आणि जे सर्वांसाठी असते ते सार्वजनिक. पहिल्या शब्दात एकट्या घेणाऱ्याचा हिशेब आहे, दुसऱ्यात घेणाऱ्यांच्या समूहाचा. 'मेहनत फुकट गेली' असे आपण म्हणतो तेव्हा त्या शब्दाला चिकटलेली व्यर्थतेची छटाही दिसते. ज्याची किंमत द्यावी लागली नाही त्याला मोलही नाही, ही समजूत त्या छटेत दडलेली आहे. 'सार्वजनिक' या शब्दाची पूर्वपीठिका वेगळी आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली आणि तिच्या कामात स्वतःला वाहून घेणारे गणेश वासुदेव जोशी 'सार्वजनिक काका' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या काळी या विशेषणात लोकांच्या वतीने उभे राहण्याची आणि लोकांना उत्तर देण्याची बांधीलकी होती. पुढे सार्वजनिक नळ, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक बांधकाम खाते अशी वाटचाल करताना तो शब्द झिजला आणि 'सर्वांचे ते कोणाचेच नाही' या अर्थापाशी येऊन टेकला.

हा शब्दविचार आज करण्याचे कारण साहित्याच्या वर्गाबाहेरचे वाटेल, पण ते आता वर्गाच्या आत आलेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भाषा विभागांतही कौशल्याधारित अभ्यासक्रमांची चर्चा सुरू झाली. जुन्या छापील पानांच्या प्रतिमांतून मजकूर वेगळा काढणे, त्या मजकुराच्या शब्दसूची करणे, दोन आवृत्त्यांतील पाठभेद संगणकाकडून शोधून घेणे ही कामे मराठीच्या विद्यार्थ्यांनाही करता आली पाहिजेत, असे आम्हांला मनापासून वाटते. त्यासाठी संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांच्या मदतीने कार्यशाळा घेतल्या जातात आणि या कार्यशाळांत अलीकडे 'कंटेनर' नावाची वस्तू हमखास भेटते.

ज्या वाचकांना तिची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. एखादी आज्ञावली एका संगणकावर चालते आणि शेजारच्या संगणकावर चालत नाही, हा प्रयोगशाळेतला नित्याचा अनुभव. तिला लागणाऱ्या पूरक सामग्रीची आवृत्ती प्रत्येक यंत्रावर निराळी असते, हे त्याचे कारण. कंटेनरने यावर तोड काढली. शिधा, भांडी आणि मसाले यांसह बांधलेली शिदोरी जिथे सोडाल तिथे तोच स्वयंपाक व्हावा, तशी ही व्यवस्था आहे. या बांधलेल्या शिदोरीला 'इमेज' म्हणतात, ती उघडून चालू केली की 'कंटेनर' होतो. डॉकर या नावाने २०१३ मध्ये ही पद्धत लोकांसमोर आली आणि झपाट्याने रूढ झाली. तयार शिदोऱ्यांचे एक प्रचंड कोठारही उभे राहिले. त्याचे नाव डॉकर हब. मराठी मजकूर ओळखू शकणारी टेसरॅक्ट ही मुक्त आज्ञावली अशा शिदोरीत बांधली की एका आदेशासरशी विद्यार्थ्याच्या संगणकावर येते आणि कामाला लागते.

एक आदेश! सोय तेवढ्यात आहे आणि प्रश्नही तेवढ्यातच आहे. तो आदेश दिला की दूरच्या कोठारातून काही शे मेगाबाइटांचा ऐवज वाहून येतो. तो कोणाच्या यंत्रावर ठेवलेला असतो, त्याच्या विजेचे आणि वाहतुकीचे पैसे कोण भरते, त्याच क्षणी आणखी कितीजण तिथे रांगेत असतात, यांपैकी काहीही पडद्यावर दिसत नाही. पडद्यावर फक्त एक पट्टी भरत जाते.

डॉकर हबने २०२० साली स्वतःच एक हिशेब जाहीर केला होता. त्यांच्या कोठारात तेव्हा पंधरा पेटाबाइटांहून अधिक ऐवज साठलेला होता आणि त्यातील दहा पेटाबाइटांहून अधिक भाग सहा महिन्यांत कोणी वापरलेला नव्हता. ओळख न देता माल उचलणाऱ्यांपैकी अवघा एक टक्का वापरकर्ते एकूण उचलीच्या सुमारे तीस टक्के उचलत होते. त्यानंतर, नोव्हेंबर २०२० मध्ये, मर्यादा लागू झाली : ओळख न देणाऱ्यास सहा तासांत १०० इमेज, विनामूल्य खाते उघडून ओळख देणाऱ्यास २००. पुढच्या काळात हे आकडे बदलण्याच्या घोषणा होत राहिल्या. आकडा कोणताही असला तरी त्यामागील मोजणीची रीत आपल्याला समजली पाहिजे. ओळख न देणाऱ्याची मोजणी माणसागणिक होत नाही. ज्या जोडणीवरून मागणी आली त्या जोडणीच्या जाहीर पत्त्यागणिक ती होते. आपल्या बहुतेक महाविद्यालयांत सगळ्या प्रयोगशाळा, कार्यालय आणि ग्रंथालय यांचा बाहेरच्या जगाशी संबंध एकाच पत्त्यावरून येतो.

आता साधे गणित करून पाहावे. चाळीस विद्यार्थ्यांची तुकडी आहे आणि प्रत्येकाने तीन इमेज मागवायच्या आहेत. मागण्या झाल्या १२०. म्हणजे तिसऱ्या इमेजच्या वेळी वर्गातील वीस विद्यार्थ्यांच्या पडद्यावर नकार उमटणार. ज्यांची जोडणी वेगवान, ज्यांची बोटे सराईत त्यांना ऐवज मिळालेला असतो. उरतात ते बहुधा पहिल्यांदाच असा आदेश टंकणारे. एवढ्यावर ते थांबत नाही. शेजारच्या प्रयोगशाळेत दुपारी ज्यांचे प्रात्यक्षिक आहे, त्यांनी सकाळच्या कार्यशाळेचे नावही ऐकलेले नसते, तरी त्यांची वाटही अडलेली असते. अशा वेळी 'मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा' असा सल्ला दिला जातो. पण अनेक मोबाइल जोडण्यांवर एकच जाहीर पत्ता असंख्य अनोळखी ग्राहकांत वाटलेला असतो. आपण आपल्या घरातील टंचाई शेजाऱ्याच्या दारात ढकलली, इतकाच त्या सल्ल्याचा अर्थ.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. डॉकर ही नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे. तिने कोठार खुले ठेवले ते आपल्या वस्तूची सवय लागावी म्हणून आणि मर्यादा घातली ती लोकांनी पैसे भरून सभासद व्हावे म्हणून. अशा कंपनीच्या खर्चाची चिंता तालुक्याच्या गावातील मराठीच्या प्राध्यापकाने का वाहावी? हा आक्षेप अर्धा खरा आहे. कंपनीच्या ताळेबंदाची काळजी आपण करावी असे आमचेही म्हणणे नाही. पण आपल्या मागणीचा भार कोणावर पडतो याची चौकशी केल्यास असे दिसते की तो पुष्कळदा कंपनीवर पडतच नाही. तो आपल्याच इमारतीतील दुसऱ्या वर्गावर, एखाद्या विद्यापीठावर, एखाद्या धर्मादाय संस्थेवर आणि कधी कधी एकट्या माणसावर पडतो. याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

पहिले उदाहरण घड्याळाचे. संगणकांची घड्याळे जुळवून देणारे काही सर्व्हर विद्यापीठे आणि हौशी तंत्रज्ञ विनामूल्य चालवतात. मे २००३ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील संकुलात अशा एका सर्व्हरवर मागण्यांचा लोंढा आदळू लागला. नेटगिअर कंपनीच्या घरगुती राउटरांच्या आज्ञावलीतच त्या सर्व्हरचा पत्ता कायमचा कोरून ठेवलेला होता आणि उत्तर मिळाले नाही तर दर सेकंदाला पुन्हा विचारावे अशी त्या राउटरांची रीत होती. जूनपर्यंत हा ओघ सेकंदाला अडीच लाख पॅकेटांवर गेला. घरोघरी विकल्या गेलेल्या लाखो यंत्रांना परत बोलावणे शक्य नव्हते. कंपनीने पुढे विद्यापीठाला ३,७५,००० डॉलरची देणगी दिली.

दुसरे उदाहरण त्याच जातीचे, पण अधिक बोलके. डेन्मार्कमधील पॉल-हेनिंग कांप हे मुक्त संगणकप्रणालींच्या क्षेत्रातील एक नामवंत तंत्रज्ञ. त्यांनी त्या देशातील सर्व्हरांसाठी घड्याळ जुळवणारी एक सेवा विनामोबदला चालवली होती. २००५ मध्ये त्यांच्या लक्षात आले की तिच्याकडे येणाऱ्या मागण्यांतील बहुतांश मागण्या डी-लिंक कंपनीच्या उपकरणांकडून येत आहेत. एप्रिल २००६ मध्ये त्यांनी कंपनीला जाहीर पत्र लिहिले आणि त्याच महिन्यात उभयतांत समझोता झाला. ज्याने आपल्या दारात पाणपोई घातली त्याच्या माठाला कोणी न विचारता कारखान्याची नळी जोडावी, असा हा प्रकार.

तिसरे उदाहरण आम्हां भाषेच्या लोकांना सहज कळेल असे आहे. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००८ मध्ये जाहीर केले की काही नियमसूचींच्या फायलींसाठी त्यांच्याकडे दिवसाला तेरा कोटींपर्यंत मागण्या येतात. या फायली वर्षानुवर्षे बदलत नाहीत. एकदा घेऊन जवळ ठेवल्या की पुरे. पण जगभरातील आज्ञावल्या प्रत्येक मजकूर तपासताना त्या नव्याने मागत होत्या. एखाद्याने शब्दाचा अर्थ पाहायचा म्हणून दर वेळी कोशमंडळाच्या कार्यालयात पत्र पाठवावे आणि उत्तरादाखल आलेला कोश वाचून फेकून द्यावा, तसेच हे.

चौथे उदाहरण तर थेट आपल्या घरातले. इंटरनेट आर्काइव्ह या धर्मादाय संस्थेच्या संग्रहात अगणित जुनी मराठी पुस्तके आहेत. संशोधन करणाऱ्या कोणत्याही मराठी विद्यार्थ्याचे पान तिच्यावाचून हलत नाही. २८ मे २०२३ रोजी हे संकेतस्थळ बंद पडले. भाड्याने घेतलेल्या ६४ आभासी यंत्रांवरून कोणीतरी स्वामित्वहक्कमुक्त पुस्तकांच्या मजकूर-फायली सेकंदाला हजारोंच्या संख्येने मागत होते. संस्थेचे संस्थापक ब्रूस्टर केल यांनी तेव्हा लिहिले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठ्या प्रमाणात काही न्यायचे असेल तर हळू सुरुवात करा, मग वेग वाढवा आणि आधी आमच्याशी बोला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पुस्तके नेऊ नका असे त्यांनी म्हटले नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये विकिमीडिया प्रतिष्ठाननेही अशीच नोंद केली : जानेवारी २०२४ पासून चित्रे व ध्वनिचित्रफितींच्या वाहतुकीचा भार पन्नास टक्क्यांनी वाढला आणि त्यांच्या सर्वांत खर्चिक वाहतुकीपैकी ६५ टक्के वाहतूक यांत्रिक मागण्यांची होती. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांचा त्यात मोठा वाटा आहे. आपल्या चाळीस विद्यार्थ्यांची कार्यशाळा त्यापुढे क्षुल्लक आहे हे मान्यच. पण तिथून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या कोणत्या सवयी घेऊन कोणत्या मोठ्या यंत्रासमोर बसणार, हा प्रश्न क्षुल्लक नाही.

या चारही उदाहरणांत एक साम्य आहे. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. पहिल्या दोन प्रकरणांत यंत्र बनवणाऱ्याने, तिसऱ्यात आज्ञावली लिहिणाऱ्याने आणि चौथ्यात मजकूर गोळा करणाऱ्याने एवढाच विचार केला की ही गोष्ट उपलब्ध आहे. ती कोणी उपलब्ध ठेवली आहे, असा प्रश्न त्यांना पडला नाही. आम्हांला वाटते की हा प्रश्न पाडणे हे प्रशिक्षणाचे काम आहे आणि विशेषतः मानव्यविद्यांच्या शिक्षकांचे आहे. 'जबाबदारी' या शब्दात 'जबाब' आहे. नेटवर्कची सगळी भाषाही मागणी आणि जबाब याच जोडीवर उभी आहे. प्रत्येक मागणीला कुठेतरी कोणाला तरी जबाब द्यावा लागतो. मागणाऱ्याकडेही जबाब असावा, एवढीच आमची अपेक्षा.

मात्र येथेच एक गंभीर प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रात सार्वजनिक पाण्याविषयी बोलताना मर्यादेची भाषा निरागस राहिलेली नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, कारण गावचे पाणी त्यांना खुले नव्हते. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला, तरी चवदार तळ्याचे पाणी कागदावरच खुले राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे पाणी प्राशन केले गेले आणि त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. न्यायालयीन लढा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. शुचिता, शिस्त, मर्यादा या शब्दांच्या आडून माणसांना पाण्यापासून दूर ठेवण्याचा हा इतिहास ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांनी 'जपून वापरा' हे शब्द ऐकताच सावध व्हावे, हे योग्यच आहे. तंत्रज्ञान आपल्या दाराशी आत्ता कुठे आले आणि लगेच संयमाचे धडे सुरू झाले, असे एखाद्या विद्यार्थ्याने म्हटले तर त्याला उद्धट ठरवता येणार नाही.

म्हणून मर्यादेची एक कसोटी आपण निश्चित केली पाहिजे. मर्यादा 'तू कोण' असे विचारते की 'तू किती घेतोस आणि कसे घेतोस' असे विचारते? पहिली मर्यादा बहिष्काराची, दुसरी वाटपाची. महाडचा संघर्ष पहिल्या मर्यादेविरुद्ध होता. दुसऱ्या मर्यादेची परंपराही याच भूमीत आहे. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधाऱ्यांतून चालणारी फड पद्धती शतकानुशतके टिकली. बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते, कोणत्या फडात कोणते पीक घ्यावे हे लाभधारक शेतकरी मिळून ठरवतात, पाणी सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असते आणि टंचाईच्या वर्षी भिजवायचे क्षेत्रच कमी केले जाते. पाणी फुकट आहे असे तिथे कोणी मानत नाही. ते सर्वांचे आहे असे मानतात आणि म्हणूनच त्याचे वेळापत्रक करतात.

ही कसोटी सेवा चालवणाऱ्यांनाही लावली पाहिजे. पत्त्यागणिक मोजलेली मर्यादा दिसायला समान आहे. पण शहरात स्वतंत्र जोडणी असलेल्या एका अभियंत्याला आणि एकाच जोडणीमागे बसलेल्या ग्रामीण महाविद्यालयातील दोनशे विद्यार्थ्यांना ती एकाच मापाने मोजते. सहीची जागा सर्वांना सारखी असली तरी पाटी काहींनाच मिळालेली असते, तशी ही समानता. शिक्षणसंस्थांसाठी वेगळी सवलत मागणे, ती मिळत नसेल तर जाहीरपणे बोलणे हे आपले काम आहे. पण मागणी करणाऱ्याने आपल्या हातातील उपाय आधी योजलेले असले तर त्याच्या शब्दाला वजन येते.

आणि हे उपाय अवघड नाहीत. कंटेनरच्या रचनेतच ते अंतर्भूत आहेत. प्रशिक्षकाने आदल्या दिवशी लागणाऱ्या इमेज एकदाच उतरवून घ्याव्यात. त्या फायलीच्या रूपाने जतन करून पेनड्राइव्हवरून सर्व संगणकांवर चढवता येतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे प्रयोगशाळेतील एका संगणकावर छोटे स्थानिक कोठार चालवणे. पहिल्या विद्यार्थ्याच्या मागणीसरशी ऐवज बाहेरून येतो आणि उरलेल्या एकोणचाळीस जणांना जवळच्या साठ्यातून मिळतो. गावात एक प्रत आली की वाचनालयातून सगळ्यांनी वाचावी, ही रीत आपल्याला शिकवायला नको. यात बाहेरचा भार वाचतो, शिवाय मंद जोडणीच्या ठिकाणी कार्यशाळा वेळेत पार पडते. जिथे सोय आणि सौजन्य एकाच वाटेने जातात तिथे तरी आळस करण्याचे कारण नाही.

दुसरा उपाय आवृत्तीसंबंधीचा. इमेज मागवताना पुष्कळजण 'लेटेस्ट' अशी खूण वापरतात किंवा काहीच खूण देत नाहीत, म्हणजे परिणाम तोच. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना यातला दोष सांगावा लागू नये. 'नवी आवृत्ती पाहा' असा संदर्भ प्रबंधात दिला तर परीक्षक तो फेटाळतील, कारण आजची नवी आवृत्ती उद्या जुनी होते. निश्चित आवृत्तीची इमेज एकदा जवळ ठेवली की ती पुन्हा पुन्हा मागवावी लागत नाही आणि दोन वर्षांनी तोच प्रयोग कोणी करू पाहिला तर त्याला तेच उत्तर मिळते.

तिसरा उपाय सरावाच्या जागेचा. नेटवर्क चालते की नाही हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना एखाद्या प्रसिद्ध सार्वजनिक पत्त्यावर मागण्यांचा मारा करायला सांगितले जाते. त्याची गरज नसते. एक कंटेनर उत्तर देणारा आणि दुसरा विचारणारा अशी जोडी आपल्याच यंत्रावर लावता येते. पुस्तकातील उदाहरणांसाठी तर नावेदेखील राखून ठेवलेली आहेत. जून १९९९ मध्ये 'टेस्ट', 'एक्झाम्पल', 'इनव्हॅलिड' आणि 'लोकलहोस्ट' ही अंत्यनामे खऱ्या जगात कोणालाही दिली जाणार नाहीत असे ठरले. जानेवारी २०१० मध्ये अंकी पत्त्यांचे काही संचही केवळ उदाहरणांसाठी राखले गेले. व्याकरणात 'राम आंबा खातो' या वाक्यातील रामाचे कोणी घर शोधत नाही. तशी ही नावे आहेत. ती सोडून एखाद्या खऱ्या संस्थेचा पत्ता टिपणांत छापला की तो पुढील दहा तुकड्यांकडून टंकला जातो. विस्कॉन्सिनचे प्रकरण अशाच एका कोरून ठेवलेल्या पत्त्याने घडले होते. तसेच, कंटेनर मूळ संगणकाचेच घड्याळ वापरतो, त्यामुळे प्रत्येक कंटेनरात घड्याळ जुळवणारी आज्ञावली बसवणेही अनाठायी.

चौथा उपाय थांबण्याचा. मागणी नाकारली गेली की लगेच पुन्हा विचारायचे नाही. एक सेकंद थांबावे, मग दोन, मग चार, मग आठ आणि त्यात थोडी यादृच्छिक उणेअधिक वेळ मिसळावी, म्हणजे चाळीस यंत्रे एकाच ठोक्याला दार वाजवणार नाहीत. 'बंद पडला तर पुन्हा सुरू हो' असा कंटेनरला दिलेला आदेश वर्ग सुटल्यावरही चालू राहतो. म्हणून तास संपताना फळा पुसावा तसे कंटेनर थांबवून काढून टाकण्याची सवय लावली पाहिजे. सरावासाठी उघडलेली दारे, म्हणजे पोर्ट, फक्त आपल्या यंत्रापुरती उघडावीत. नाहीतर विद्यार्थ्याने शिकण्यासाठी मांडलेली सेवा सगळ्या जाळ्याला दिसते आणि तिसऱ्यावर हल्ला करायला कोणी ती वापरतो.

पाचवा उपाय अनुमतीचा. ज्या संस्था मजकूर देतात त्या तो कसा न्यावा हेही सांगतात. विकिमीडियाच्या सर्व प्रकल्पांचा, म्हणजे मराठी विकिपीडिया व मराठी विकिस्रोताचाही, संपूर्ण मजकूर एकत्रित फायलींच्या रूपाने उतरवता येतो. मराठी शब्दसूची करायची तर पान-पान ओरबाडण्याचे कारण नाही. प्रोजेक्ट गुटेनबर्गचे संकेतस्थळ माणसांनी वाचण्यासाठी आहे, यंत्रांनी प्रतिसंग्रहांकडे जावे असे त्यांनी लिहून ठेवले आहे. ओपनस्ट्रीटमॅपची स्थळनामे शोधून देणारी सेवा सेकंदाला एकच मागणी करा आणि आपली ओळख सांगा, अशी अट घालते. या अटी वाचायला दहा मिनिटे लागतात. ग्रंथालयाचे नियम वाचून मग सही करण्याची सवय असलेल्या पिढीला हे जड जाऊ नये.

हे सारे वाचून एखादा सहकारी म्हणेल की कार्यशाळेचे तीन तास, त्यात हे नीतिपाठ कुठे बसवायचे? आमच्या मते ते वेगळे बसवू नयेत. विद्यार्थ्याला उपदेश करण्यात आम्हांला रस नाही. चाळीस जणांनी एकाच वेळी कोणता आदेश द्यायचा हे विद्यार्थी ठरवत नाही, ते प्रशिक्षकाच्या टिपणांत लिहिलेले असते. तेव्हा पहिली जबाबदारी टिपणे लिहिणाऱ्याची. टिपणांतील पहिला आदेश स्थानिक कोठाराकडे जाणारा असला की विद्यार्थी आपोआप तसाच शिकतो आणि असे का, हे त्याने विचारले की पाच मिनिटांत पाणपोईची आणि पाटकऱ्याची गोष्ट सांगता येते. चांगले वळण बहुधा उदाहरणातून लागते, सूचनाफलकातून क्वचितच.

साहित्याचा विद्यार्थी या बाबतीत मागे नाही, उलट काहीसा पुढेच आहे, असे आम्हांला वाटते. आपला सगळा व्यवहारच इतरांनी जपून ठेवलेल्या वस्तूंवर चालतो. कोणीतरी पोथी उतरवून ठेवली, कोणीतरी मासिकाचे जुने अंक वाळवीपासून वाचवले, कोणीतरी ती पाने एकेक करून यंत्राखाली धरली, तेव्हा आपल्या प्रबंधाला तळटीप मिळाली. त्या कोणातरीला आपण ऋणनिर्देशात नमस्कार करतो. नेटवर्कवरच्या मागणीला ऋणनिर्देशाचे पान नसते. तिथे तो नमस्कार आपल्या मागणीच्या आकारातून, वेगातून आणि वेळेवर थांबण्यातून करावा लागतो.

पुढील सत्रात ज्या विभागांत अशा कार्यशाळा होणार आहेत त्यांच्यासमोर आम्ही एक लहानशी सूचना ठेवतो. कार्यक्रमपत्रिकेत वक्त्यांची नावे आणि चहाची वेळ छापली जाते, त्याखाली एक ओळ अधिक छापावी : या कार्यशाळेसाठी बाहेरील कोणत्या सेवा वापरल्या जातील, त्यांच्या अटी काय आहेत आणि आपण त्यांच्याकडून एकूण किती मागणार आहोत. ती ओळ लिहायला बसले की हिशेब आपोआप करावा लागतो आणि हिशेब केला की पेनड्राइव्ह आदल्या दिवशीच खिशात येतो.